अक्षराचे वय

म्हातारपणी अक्षर बिघडते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. बँकेच्या खिडकीपाशी जुन्या नमुन्याशी सही जुळली नाही, तर दोष सही करणाऱ्याच्या वयाला जातो. हात कापू लागला, नजर गेली, आता अंगठाच घ्या, असे म्हणून प्रश्न मिटवला जातो. या समजुतीत तथ्य नाही असे नव्हे. पण तिच्यामुळे एक मोठी गोष्ट झाकली जाते. माणसाचे अक्षर आयुष्यभर बदलत असते, आणि त्या बदलाला शरीरापेक्षा काळ अधिक कारणीभूत असतो. कोणती लिपी शिकवली गेली, कोणते लेखनसाधन हाती आले, शाळेत किती वर्षे बसता आले, पुढे रोज लिहिण्याची गरज पडली की नाही, यांवरून अक्षराचे एक वेगळे वय ठरते. ते जन्मतारखेवरून मोजता येत नाही. हे तपासायला पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीचा पट्टा फार उपयोगाचा आहे. डहाणूच्या उत्तरेला समुद्राच्या कडेने नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे लागतात आणि पूर्वेला कोसबाडची टेकडी ओलांडून तलासरीच्या पाड्यांकडे जाता येते. एवढ्या लहानशा भूभागात गेल्या तीन शतकांत अनेक लिप्या नांदल्या, राजवटी बदलल्या, राज्याची सीमा आखली गेली, आणि एका मोठ्या समाजाला लिहिण्यापासून दूर ठेवले गेले. हाताच्या इतिहासातली जवळजवळ प्रत्येक घडामोड इथे पाहता येते.

वय आणि अक्षर यांचा संबंध मराठी माणसाला आजच कळला आहे, असेही नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. शाई, बोरू, कागद, समास सोडणे, ओळींतले अंतर या सगळ्यांचा त्यात बारकाईने विचार आहे. तिथेच त्यांनी बजावले आहे की तरुणपणाच्या जोरावर फार बारीक लिहू नये, कारण ते लिखाण म्हातारपणी कामाला येत नाही. अक्षर मध्यम आकाराचे असावे. आणखी एक अपेक्षा ते ठेवतात, ती अशी की ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लेखणी बदललीच नाही असे वाटावे. या दोन सूचना एकत्र वाचल्या की त्यांची दृष्टी स्पष्ट होते. शरीर बदलणार हे त्यांना मान्य आहे, पण त्याचा पहिला परिणाम ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पाहतात. लिहिणाऱ्याच्या हाताबद्दल त्यांची भिस्त सवयीवर आणि शिस्तीवर आहे. अक्षर हे कमावण्याची गोष्ट आहे, आणि जे कमावले जाते ते नुसत्या वर्षांनी नाहीसे होत नाही, हा विचार त्यामागे आहे.

इतिहासाचे अभ्यासक प्रत्यक्षात याच विचारावर काम करतात. तारीख नसलेला मोडी कागद हाती आला की लिहिणारा तरुण होता की वृद्ध, हे सांगणे फार अवघड जाते. पण तो कागद कोणत्या काळातला आहे, हे वळणावरून बऱ्याच अंशी ठरवता येते. बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असे मोडीचे टप्पे मानले जातात, आणि चिटणिशी, बिवलकरी अशी वळणे ओळखली जातात. एका कचेरीत, एकाच कित्त्यावर हात बसवलेल्या कारकुनांची अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. वडील आणि मुलगा यांची मात्र वेगळी दिसू शकतात, कारण मधल्या काळात वळण बदललेले असते. डहाणूचा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ च्या सुमारास इंग्रजांकडे गेला. म्हणजे पोर्तुगीज कारभाराची रोमन लिपी जाऊन मोडी आली आणि पुढे मोडीबरोबर छापील बालबोध, म्हणजे देवनागरी, आली. त्याच किनाऱ्यावर पारशी, इराणी आणि गुजराती भाषक वस्ती असल्याने व्यापाराच्या वह्या गुजरातीत लिहिल्या जात राहिल्या. बाजारात आणि कचेरीत वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकाच दिवशी दोन-तीन लिप्या येत असत. अशा ठिकाणी एखाद्याचे अक्षर कसे बदलले, हे विचारताना त्याला कोणत्या दारातून लिखाणात प्रवेश मिळाला, हे आधी विचारावे लागते.

१९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध स्वीकारण्याचा निर्णय घेतला. शाळांतून मोडी शिकवणे त्यानंतरही काही दशके चालू राहिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते थांबले. एका पिढीच्या आयुष्यावर याचा काय परिणाम झाला असेल, ते पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याने मोडीत हात बसवला, त्याला आधी संपूर्ण ओळीभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिण्याची सवय होती. बालबोधेत शब्द आधी लिहायचा आणि मग त्यावर शिरोरेषा द्यायची असते. मोडीत लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जायचे. बालबोधेत प्रत्येक अक्षर सुटे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार यांचा भेद पाळला जात नाही. बालबोधेत त्यावर गुण कापले जातात. असा माणूस साठीला पोचला तेव्हा आजूबाजूला सारे बालबोधेत लिहीत होते. त्याचे बालबोध अक्षर अवघडलेले दिसले, ऱ्हस्व-दीर्घ चुकले, जोडलेली वळणे मध्येच डोकावली, तर नातवंडांनी ते वयावर घातले. वास्तविक त्या हाताला स्वतःची लिपी उत्तम येत होती. त्याच्याभोवतीची लिपी बदलली होती.

हेच पुढच्या पिढीच्या बाबतीत अनुस्वारांनी केले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधी शाळा शिकलेली माणसे पुढे कित्येक वर्षे ते अनुस्वार देत राहिली. त्यांच्या पत्रांतले ते टिंब विस्मरणाचे लक्षण नसून उत्तम स्मरणाचे लक्षण आहे. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांच्या प्रमाण आकृत्याही ठरवून दिल्या. म्हणजे आज शाळेत असलेले मूल आणि त्याचे आजोबा या अक्षरांची वळणे वेगवेगळी काढू शकतात, आणि दोघेही आपापल्या शिक्षकाशी प्रामाणिक असतात. वृद्धाच्या अक्षरात जे जुनेपण दिसते त्यातले बरेचसे त्याच्या शाळेचे जुनेपण आहे. त्याच्या स्नायूंचा त्याच्याशी संबंध नाही.

साधनांचीही गोष्ट अशीच आहे. धूळपाटीवर बोट फिरवणे, दगडी पाटीवर पेन्सिल चालवणे, बोरू, टाक, शाईचे पेन, बॉलपेन हा क्रम अनेकांनी एका आयुष्यात अनुभवला. तिरप्या छाटलेल्या बोरूने उभी आणि आडवी रेघ वेगवेगळ्या जाडीची उमटते, आणि अक्षराचे निम्मे सौंदर्य लेखणीच त्याला देऊन टाकते. बॉलपेनची रेघ सर्वत्र सारखी, आणि शाई उतरण्यासाठी दाब द्यावा लागणारी. ज्याने टाकाने हलक्या हाताने लिहिण्याची सवय लावून घेतली त्याच्या हाती पन्नाशीनंतर बॉलपेन आले, तर अक्षराचा डौल जातो, आणि त्याच वेळी वयही वाढलेले असल्याने दोष वयाला मिळतो. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिले. ते हस्तलिखित आणि शाईने लिहिलेली पत्रे यांची तुलना करताना साधनाचा विचार न करता वयाचा निष्कर्ष काढणे कोणताही सावध अभ्यासक टाळील. जी सावधगिरी थोरांच्या कागदांसाठी आपण बाळगतो, ती सामान्य माणसाच्या सहीसाठीही बाळगायला हवी.

या पट्ट्यातला सर्वांत बोलका पुरावा सीमेचा आहे. १९६० पर्यंत उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली तेव्हा उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली, आणि उरलेली महाराष्ट्रात राहिली. वारली, धोडिया, मांगेला या समाजांची माणसे दोन्ही बाजूंना आहेत. सोयरीक, बोली, कष्टाची तऱ्हा सारखीच आहे. पण रेषेच्या एका बाजूच्या सरकारी शाळेत गुजराती शिकवली गेली आणि दुसऱ्या बाजूला मराठी. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. बालबोधेत ती अक्षराचा कणा आहे. आज साठीकडे झुकलेली, एकाच कुळातली, सारखेच कष्ट केलेली दोन माणसे शेजारी बसवली, तर त्यांच्या हातांचे वय एक आहे. अक्षरे मात्र दोन वेगळ्या जगांतली आहेत. शरीराचा नियम अक्षराला पुरेसा असता तर हे घडले नसते.

आता या इतिहासाच्या कडू भागाकडे वळले पाहिजे. अक्षर बदलण्यासाठी आधी अक्षर असावे लागते, आणि या भागातल्या वारल्यांना व इतर आदिवासींना ते मिळू दिले गेले नव्हते. लग्नासाठी काढलेल्या थोड्या कर्जापायी सावकाराच्या वाडीत नवरा-बायकोने वर्षानुवर्षे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. वेठ होतीच. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील आदिवासींवर जो अहवाल दिला, त्यात कर्ज आणि वेठबिगारीचे हे चित्र सरकारी भाषेतही लपलेले नाही. त्या व्यवहाराला कायद्याचे बळ येत होते ते कागदाने, आणि कागदाला बळ येत होते ते अंगठ्याने. वर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. कोऱ्या जागा सोडलेले दस्तऐवज करून घेण्याची चाल सावकारीत इतकी रूढ होती की १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याला रकमेची जागा कोरी ठेवून कागद करून घेण्यास मनाई करावी लागली. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरीतील झरी या गावी किसान सभेची परिषद भरली. तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार मोडणारा लढा उभा राहिला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० चे. आदिवासी स्वतःसाठी उभा राहिला याची ती कहाणी आहे, आणि ज्या कागदांना तो बांधला गेला होता त्यांचीही.

अंगठ्याला एवढे मोल का आले, याचे उत्तर थेट आपल्या विषयाशी जोडलेले आहे. विल्यम हर्शेल हा बंगालमधला इंग्रज अधिकारी. १८५८ मध्ये जंगीपूर येथे रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या माणसाच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. १८७७ मध्ये हुगळीला तो दस्तनोंदणीसाठी आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी बोटांचे ठसे घेऊ लागला, आणि स्वतःच्या बोटांचे ठसे पुन्हा पुन्हा घेऊन त्याने दाखवून दिले की अर्धशतक लोटले तरी त्या रेषा बदलत नाहीत. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले, आणि तिथल्या वर्गीकरणात अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. सरकारला हवी होती ती न बदलणारी खूण. ती अंगठ्यात मिळाली, कारण अंगठा शिकत नाही. बारा वर्षांच्या मुलाने दिला काय किंवा सत्तर वर्षांच्या म्हातारीने दिला काय, त्याच्या रेषांत देणाऱ्याने काय वाचले, काय सोसले, काय कमावले, याची कसलीही नोंद उमटत नाही. ओळख पटवण्यासाठी हा गुण आहे. पण संमतीचा पुरावा म्हणून तोच मोठा दोष ठरला. सही करता येणाऱ्याला वरचा मजकूर वाचता येण्याची निदान शक्यता असते. अंगठा माणूस कोण हे सांगतो, त्याला काय कळले हे सांगत नाही. सावकाराला नेमके हेच सोयीचे होते.

आणि अंगठा देणारे हात अकुशल होते, असे कोणी समजू नये. याच वारली घरांत सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत. शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या रेषा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या हातांची शिस्त सांगावी लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली. ते २०१८ मध्ये वारले, तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते आणि उतारवयापर्यंत काम करत होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. जाळ्याचा एकेक धागा, झाडाचे एकेक पान मोजून काढावे अशा बारीक रेषांची त्यांची चित्रे जगभर गेली. रोजच्या सरावातल्या हाताला वय लगेच हरवत नाही, याचा यापेक्षा जवळचा दाखला कुठला द्यायचा? ज्या समाजाचा हात इतका तयार होता त्याला निरक्षर ठेवले गेले, ही उणीव हातात नव्हती. ती व्यवस्थेत होती.

व्यवस्थेची ती उणीव भरून काढण्याचे काम याच परिसरात झाले, हे आपले भाग्य. बोर्डीला १९२० च्या सुमारास माध्यमिक शाळा उभी राहिली आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथून आदिवासींच्या शिक्षणाकडे लक्ष वळवले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरींच्या विचारांचा अभ्यास केला होता. त्या विचारात लिहिण्याची तयारी हाताच्या कामापासून सुरू होते. अक्षर गिरवण्याआधी बोटांना पकड, डोळ्यांना आकार आणि मनाला धीर यावा लागतो. परदेशी साहित्य आणणे परवडणारे नव्हते म्हणून इथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुले शाळेत येईनात तेव्हा अंगणवाडी त्यांच्या पाड्यावर गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अक्षराच्या वयाबद्दल या प्रयोगांतून जे कळते ते महत्त्वाचे आहे. हात घडण्याचे वय निसर्ग एकदाच ठरवून टाकत नाही; संधी जेव्हा मिळते तेव्हापासून ते मोजावे लागते.

प्रौढांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. साताऱ्यातून सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम १९६० च्या दशकात राज्यभर पसरली, आणि १९८८ नंतर राष्ट्रीय साक्षरता मिशनखाली पुन्हा वर्ग भरले. पन्नाशी-साठीत पहिल्यांदा खडू धरणाऱ्या माणसाचे अक्षर पाहिले तर ते मुलाच्या अक्षरासारखे असते. अक्षरे मोठी, सुटी, एकेकाची वेगळी शिरोरेषा, काना दंडापासून लांब गेलेला, रेघेवर जास्त दाब. सराव वाढला की अक्षर लहान होते, शब्द एका शिरोरेषेखाली येतो, पुढे घाईत शिरोरेषा तुटक होते आणि शेवटी काही जणांच्या सहीतून ती नाहीशीही होते. शाळेतला मुलगा याच पायऱ्या चढतो, फक्त पन्नास वर्षे आधी. दस्तऐवज तपासणारे तज्ज्ञही हाताची परिपक्वता अशीच, लिहिण्याच्या सरावावरून जोखतात. म्हणजे सत्तरीतल्या नवसाक्षर बाईचे अक्षर दहा वर्षांचे असू शकते, आणि तिच्या तिशीतल्या शिक्षिकेचे पंचवीस वर्षांचे. ज्याला आपण वृद्धाचे कच्चे अक्षर म्हणतो ते कित्येकदा वाढत्या वयाचे, तरुण अक्षर असते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शरीर खोटे बोलत नाही. वय वाढले की लेखन मंदावते, रेघेतला सफाईदारपणा कमी होतो, सांधे दुखतात, मोतिबिंदूने ओळ सुटते. कंपवातात अक्षरे लहान होत जातात. ओळ नीट सुरू होते आणि शेवटाकडे अक्षरे आक्रसतात. हात थरथरण्याच्या दुसऱ्या एका सर्वसामान्य विकारात उलट अक्षरे मोठी आणि नागमोडी होतात. हे सारे खरे आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे हा वृद्धांवर अन्यायच ठरेल. अक्षर अचानक आक्रसू लागले तर डॉक्टरांना दाखवावे, हेच योग्य. पण याच वर्णनात उत्तरही आहे. हे बदल सर्वांत एकसारखे नाहीत, एका ठराविक वयाला येत नाहीत, आणि त्यांतले ठळक बदल नुसत्या वयाचे नसून आजाराचे आहेत. शिवाय ते रेघेत येतात. आकृतीत कमी येतात. कापऱ्या हाताने काढलेल्या ‘झ’ची मोड, ‘र’ची गाठ, वेलांटी कुठून सुरू करायची याची सवय बहुधा तशीच राहते. म्हणूनच घरची माणसे थरथरते अक्षरही पाहताक्षणी ओळखतात. शरीर अक्षराचा वेग आणि सफाई घेते. त्याचा घाट काळाने आणि शिक्षणाने घडवलेला असतो, आणि तो सहसा शेवटपर्यंत टिकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सही स्थिर नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा? बँकेने कोणाचेही पैसे कोणालाही द्यायचे का? ही काळजी रास्त आहे. वृद्धांची फसवणूक करणारे अनेकदा जवळचेच असतात. परंतु कायद्याने अक्षर न बदलणारे असते असे कधीच मानलेले नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या मताला जागा दिली, तशीच त्या माणसाच्या अक्षराशी परिचित असलेल्याच्या मतालाही दिली, आणि न्यायालयाला स्वतः तुलना करण्याची मुभा ठेवली. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आला असेल तर त्यावरील सहीबद्दल गृहीत धरण्याची सोयही केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हीच दिशा कायम आहे. तुलना करायची ती शक्यतो त्याच काळातल्या नमुन्याशी, हा तपासनिसांचा प्राथमिक नियम आहे. खाते उघडताना तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एकाच सहीशी आजची सही ताडून पाहणे हे या नियमाविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेनेही वृद्ध आणि आजारी खातेदारांसाठी साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची तरतूद केलेली आहे. अडचण नियमांत नाही, ती नियम वापरण्याच्या सवयीत आहे. दर काही वर्षांनी सहीचा नवा नमुना तारखेसह घेणे, हा अगदी स्वस्त उपाय आहे.

तिसरा आक्षेप असा की आता यंत्र आले, मग सहीचा हा खटाटोप कशाला? बोट ठेवले की रेशन, बोट ठेवले की पैसे. पण रेषांचा नमुना बदलत नसला तरी त्या झिजतात. मिठागरात, भातखाचरात, वीटभट्टीवर, गवत कापण्यात आयुष्य गेलेल्या वृद्धांची बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत, ही तक्रार ग्रामीण भागात सर्वत्र ऐकू येते. हर्शेलच्या काळापासून ज्या खुणेला अक्षय मानले तीही शेवटी श्रमाच्या इतिहासाला बळी पडते. आणि यापेक्षा मोठी गोष्ट ही की ज्या भागात अंगठ्यापासून सहीपर्यंत येण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, गोळ्या झेलल्या, शिक्षिकांनी आयुष्ये वेचली, तिथे साठी उलटलेल्या माणसाला सही करता येत असूनही सोयीसाठी पुन्हा अंगठ्याकडे पाठवणे ही किरकोळ बाब नाही. सही करण्याचा हक्क हा वाचून संमती देण्याच्या हक्काशी जोडलेला आहे. तो सोडायचा तर त्या माणसाने स्वतः सोडावा. खिडकीपलीकडच्या घाईने तो काढून घेऊ नये.

म्हणून वृद्धांच्या अक्षराकडे पाहण्याची आपली रीत बदलायला हवी. नरपडसारख्या गावात आणि तलासरीच्या पाड्यांत आज जी माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांत नव्या शुद्धलेखनाच्या आधी शाळा शिकलेले आहेत, सीमेच्या आधी जन्मलेले आहेत, कोसबाडच्या पहिल्या मुलांच्या वयाचे आहेत, आणि कधीच शाळा न पाहिलेलेही आहेत. त्यांच्या सह्या, हिशेबाच्या वह्या, पत्रे, शाळांच्या जुन्या रजिस्टरांतल्या आणि फेरफार नोंदींतल्या खुणा यांचा एकत्र अभ्यास झाला, तर एका पिढीत अंगठा आणि पुढच्या पिढीत सही हा प्रवास नेमका केव्हा आणि कुठे झाला, हे गावागणिक सांगता येईल. साक्षरतेचे आकडे ते सांगू शकत नाहीत, कारण आकडा माणसाला साक्षर आणि निरक्षर या दोनच रकान्यांत घालतो. अक्षर मात्र त्याला किती शिकू दिले आणि किती वापरू दिले, हे सांगते. स्थानिक महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि ग्रामपंचायतींनी हे काम हाती घ्यावे, आणि कचेऱ्यांनी तोवर एवढे करावे की सही जुळली नाही म्हणजे माणूस चुकला असे गृहीत धरू नये. बदललेले अक्षर हा त्या माणसाविरुद्धचा पुरावा नाही. तो काळातून जगत आला आणि जगता जगता शिकत राहिला, याचा तो पुरावा आहे.